उजनीच्या माशाचे यकृत तपासा : प्रदूषण नियंत्रण मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

महोदय,

भीमेवरचे उजनी धरण आज किती टक्के आहे, हे आमच्या सोलापूर जिल्ह्यात चहाच्या टपरीवरही कळते. दौंडवरून किती क्युसेक येते आहे, कालव्याला पाणी कधी सुटणार, आषाढीला चंद्रभागेत किती राहील, शहरात नळ किती दिवसांआड येईल, हे सगळे लोकांच्या तोंडी असते. २०२४च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले, तेव्हा तर रोजचा आकडा घरोघरी विचारला जात होता. पाणी किती आहे, याचा हिशेब जिल्हा स्वतः ठेवतो. पाण्यात काय आहे, याचा हिशेब कायद्याने आपल्या मंडळाकडे सोपवला आहे. त्या हिशेबात एक रकाना कमी आहे. तो भरावा, या मागणीसाठी हे पत्र.

मागणी अशी आहे. उजनीच्या जलाशयात, पंढरपुरात आणि टाकळीच्या बंधाऱ्यात जे मासे राहतात, त्यांच्या यकृतातली काही ठरावीक जनुके किती जोराने काम करत आहेत, हे मंडळाने दर वर्षी मोजावे आणि ते आकडे लोकांपुढे ठेवावेत. ऐकायला हे प्रयोगशाळेतल्या हौसेसारखे वाटेल. मी प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आहे आणि माझी खात्री आहे की आज भीमेच्या पाण्याबद्दल जो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, त्याचे उत्तर दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतक्या स्वस्तात आणि इतक्या लवकर मिळणार नाही.

मंडळ नदीचा गुणवत्ता निर्देशांक काढते तो चार गोष्टींवरून : पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू. चारही गोष्टी हव्यातच. पाण्यात कुजणारी घाण किती, मासा श्वास घेऊ शकेल का, पटकी-कावीळ पसरेल का, हे त्यांवरून कळते. हा तक्ता ज्या काळात घडला, तेव्हा नदीला मारणाऱ्या गोष्टी याच होत्या. पण एखादे रसायन पाण्यात इतके थोडे असेल की बीओडीत त्याची सावलीही पडणार नाही, आणि तरीही ते सजीवाच्या शरीरात जाऊन थेट संप्रेरकाच्या जागी बसत असेल, तर हा तक्ता त्याबद्दल काहीच बोलत नाही. अशा रसायनांना संप्रेरकांत ढवळाढवळ करणारी रसायने म्हणतात. कपडे रंगवण्याच्या व धुण्याच्या कामातील नोनिलफिनॉल, प्लास्टिकमधील बिस्फेनॉल ए आणि थॅलेट, जुनी डीडीटीसारखी कीटकनाशके, आणि माणसाच्या व जनावराच्या मूत्रातून येणारी खरी इस्ट्रोजेन संप्रेरके, ही सगळी त्याच घरातली.

उजनीत हे येते कुठून, ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा ते उजनीत आणून सोडते. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा ३५१ पैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले निघाले, आणि या पाचही नद्या त्या यादीत होत्या. मुळा-मुठेसाठी जपानी कर्जातून ११ सांडपाणी प्रकल्पांची योजना २०१६ साली मंजूर झाली. ती रेंगाळली, आणि तेवढी वर्षे पाणी आले तसे खाली येत राहिले. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृत साठा. म्हणजे वरून आलेला गाळ आणि गाळाला चिकटून बसणारी रसायने यांना तळाशी मुक्कामाला भरपूर जागा आहे. नोनिलफिनॉल हे असे गाळाला चिकटणारे रसायन आहे.

सांडपाणी प्रकल्प पूर्ण झाले की प्रश्न मिटेल, असे पुष्कळांना वाटते. प्रकल्प व्हायलाच हवेत, त्याला पर्याय नाही. चांगल्या रीतीने चालवलेला प्रकल्प नैसर्गिक इस्ट्रोजेनचा बराच भाग काढून टाकतो. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. शरीरातून बाहेर पडणारे इस्ट्रोजेन बहुतेक वेळा ग्लुकुरॉनिक आम्लाला किंवा सल्फेटला बांधलेल्या, निष्क्रिय रूपात असते. गटारातले जिवाणू ही गाठ सोडवतात आणि संप्रेरक पुन्हा मोकळे होते. दुसरी गोष्ट कापडाच्या धंद्यातली. सूत किंवा कापड पाण्याने नीट भिजावे, रंग सारखा चढावा, साबण चांगला सुटावा म्हणून जे नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट वापरतात, ते मूळ रूपात फारसे इस्ट्रोजेनसारखे वागत नाही. जिवाणू त्याची साखळी तोडत नेतात तसतसे शेवटी नोनिलफिनॉल उरते, आणि ते मूळ पदार्थापेक्षा जास्त जोराने संप्रेरकाची नक्कल करते. बीओडीच्या परीक्षेत उत्तम उत्तीर्ण झालेले पाणीही या परीक्षेत नापास होऊ शकते.

यात दोष गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईला देऊ नये, हे इथेच सांगून टाकतो, कारण या विषयावर बोलताना तो फार सहज दिला जातो. माला-डीच्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल असते. ते टिकाऊ आणि जहाल असते हे खरे. पण नैसर्गिक इस्ट्रोजेन बाई, पुरुष, गरोदर स्त्री, गाभण गाय अशा सगळ्यांच्याच मूत्रातून जाते, आणि इंदापूर-माढ्याकडच्या गोठ्यांचे धुणे ओढ्यालाच मिळते. प्रश्न कुणाच्या शरीरातून काय बाहेर पडते हा नाही. ते नदीपर्यंत कसे पोचू दिले जाते, हा आहे.

आता मात्रेबद्दल. इथिनिल इस्ट्राडायोल लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपासच माशावर परिणाम करू लागते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. उजनी काठोकाठ भरलेले असताना त्या सगळ्या पाण्यात एवढी मात्रा व्हायला रसायन किती लागेल, याचे गणित मी मांडून पाहिले : सुमारे ३.३ किलो. कॅनडात ऑन्टारिओच्या वायव्य भागात प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांतल्या एका तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे शास्त्रज्ञांनी लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल राखले. फॅटहेड मिनो नावाच्या लहान माशांचे नर मादीसारखी प्रथिने बनवू लागले, त्यांची वृषणे नीट वाढेनात, आणि थोड्याच काळात तळ्यातली त्यांची संख्या कोसळून जवळजवळ संपण्याच्या बेताला आली. त्यांच्यावर जगणारे मोठे ट्राउटही घटले. रसायन बंद केल्यावर काही वर्षांनी मिनो परत वाढले. तो सगळा प्रयोग एका तळ्यापुरता आणि जाणूनबुजून केलेला होता. आपल्या जलाशयात काय मात्रा आहे, ते कुणी सातत्याने मोजलेलेच नाही, आणि आमच्याकडे धरण उणे होते तेव्हा तेच रसायन कितीतरी कमी पाण्यात उरते.

माझ्या मागणीचा खरा आधार मात्र इंग्लंडमध्ये आहे, आणि तो सोलापूरकरांना ऐकवण्यासारखा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सांडपाणी प्रकल्पांच्या तळ्यांत रोच जातीचे असे मासे सापडले की ते नर की मादी हेच सांगता येईना. मग जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी युक्ती केली. ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून त्यांनी प्रकल्पांच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात तीन आठवडे ठेवले आणि नंतर रक्त तपासले. व्हिटेलोजेनिन हे अंड्याच्या बलकासाठी लागणारे प्रथिन आहे. ते मादीच्या यकृतात, इस्ट्रोजेनच्या हुकमावरून तयार होते. नराला त्याचे काही काम नसते, पण त्याचे जनुक नराकडेही असते, नुसते बंद असते. या पिंजऱ्यांतल्या माशांत व्हिटेलोजेनिन ५०० पटीपासून एक लाख पटीपर्यंत वाढलेले निघाले. हा अभ्यास १९९४ साली छापून आला.

त्यानंतर यॉर्कशायरमधल्या एअर नदीकडे लक्ष गेले. त्या खोऱ्यात लोकर धुण्याच्या गिरण्या होत्या आणि लोकरीतला मेण-मळ काढायला त्या नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट वापरत. त्यांचे पाणी सांडपाणी प्रकल्पातून नदीत जाई. खालच्या अंगाला ठेवलेल्या नर ट्राउटांत व्हिटेलोजेनिन भरमसाट वाढलेले होते आणि वृषणे खुंटलेली होती. इथे कारण पकडता आले. गिरण्यांनी ते रसायन सोडून दुसरे घेतले, आणि पुढच्या वर्षांत त्याच जागी ठेवलेल्या माशांतला परिणाम ठळकपणे उतरला. गिरण्या बंद पडल्या नाहीत. धुण्याचे द्रव्य बदलले, एवढेच.

महोदय, ही गोष्ट कापडाच्या शहराची आहे आणि मी कापडाच्या शहरातून लिहितो आहे. १८७७ साली इथे पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली गिरणी उभी राहिली. गिरण्या गेल्या, पण यंत्रमाग राहिले, चादर राहिली, टॉवेल राहिला, आणि त्यांच्याबरोबर सूत रंगवणारी डाईंग आणि प्रोसेसची कामेही राहिली. शहराचे सांडपाणी सीनेकडे उतरते आणि सीना पुढे भीमेलाच मिळते. उजनीचे पाणी वरच्या शहरांनी बिघडवले, ही आमची तक्रार खरी आहे. पण आमच्या खाली कर्नाटकातली गावे आहेत, आणि त्यांनी आमच्याबद्दल तेच म्हणावे अशी वेळ आम्हीही आणतो. म्हणून ही तपासणी सीनेवरही व्हावी, असे मी सोलापूरकर म्हणून मागतो.

युरोपीय संघाने नोनिलफिनॉल इथॉक्सिलेटवर २००३ साली बंधने घातली. फेब्रुवारी २०२१पासून तर पाण्यात धुतले जाणारे कापड त्यात ०.०१ टक्का किंवा त्याहून जास्त नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट असेल तर तिथे विकता येत नाही. कारण सरळ आहे. तिथल्या घरी टॉवेल धुतला की ते रसायन तिथल्या नदीत जाते. म्हणजे युरोपला टॉवेल पाठवणाऱ्या कारखानदाराला पर्यायी द्रव्य ठाऊक आहे, ते कुठे मिळते हे ठाऊक आहे, आणि त्यावर रंग कसा बसतो हेही ठाऊक आहे. परदेशातल्या नदीसाठी जी काळजी आपल्याच शहरात घेतली जाते, ती सीनेसाठी घेतली जावी, असे म्हणण्यात गैर काय?

आता कर्करोगाचा मुद्दा. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण या शब्दाने माणूस घाबरतो आणि घाबरलेल्या माणसाला पुढचे ऐकू येत नाही.

इस्ट्रोजेन पेशीत शिरते, तिथल्या ग्राही प्रथिनाशी जोडले जाते, आणि ही जोडी डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते. तिथून अनेक जनुकांना काम सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा इशारा जातो. व्हिटेलोजेनिन हे त्यातले सर्वांत ठळक जनुक, म्हणून ते आधी सापडले. पण त्याच इशाऱ्यावर पेशीची वाढ आणि विभाजन ठरवणारी जनुकेही हलतात. सी-मिक आणि सायक्लिन पेशीला विभाजनाकडे ढकलतात. रास वाढीचा निरोप आत पोचवते. पी५३ डीएनएला इजा झालेल्या पेशीला थांबवते किंवा मरायला लावते, आणि माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हेच जनुक बिघडलेले सापडते. याखेरीज दुरुस्ती करणाऱ्या जनुकांचा एक गट आहे. तो ज्या माणसांत जन्मतः निकामी असतो, त्यांना उन्हाने त्वचेचा कर्करोग लहान वयातच होतो. अमेरिकेतल्या मेन राज्यातील शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवले की इथिनिल इस्ट्राडायोलच्या पाण्यात ठेवलेल्या झेब्राफिशच्या यकृतात याच गटातली बरीच जनुके मंदावतात. एकीकडे पेशीला वाढायला सांगायचे आणि दुसरीकडे दुरुस्तीचे काम ढिले करायचे, हे एकाच वेळी घडते, ही त्यातली काळजीची बाब आहे.

झेब्राफिश हा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला बोटभर मासा. त्याच्या जनुकांचा पूर्ण नकाशा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार सापडले. माशाच्या पेशीतली ही यंत्रणा फार जुनी आहे आणि ती आपल्यातही जवळजवळ तशीच आहे. मासा तपासण्याला अर्थ आहे तो यामुळे.

तरी जनुकाचे काम वाढले म्हणजे कर्करोग झाला असे नाही. हे मी वर्गात मुलांना सांगत आलो आणि आपल्यालाही सांगतो, कारण अहवाल आला की बातमीत पहिली चूक हीच होईल. संप्रेरक बहुतेक वेळा ठिणगी टाकत नाही, पेटलेल्या ठिणगीला हवा देते. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताच्या कर्करोगाची साथच आली. शोध घेता घेता ती बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीपर्यंत पोचली. त्या बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे कारण होते. नंतर प्रयोगशाळेत असे दिसले की ज्या ट्राउटांना आधी अफ्लाटॉक्सिन मिळाले, त्यांना पुढे खाद्यातून इस्ट्राडायोल दिले तर गाठी जास्त होतात. उजनीत ठिणग्या कमी नाहीत. शहरी सांडपाण्यातून येणारी तेले आणि धुराची काजळी आहे. उन्हाळ्यात पाण्यावर येणाऱ्या हिरव्या थरात नील-हरित शैवाल असेल तर त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन बनवतात, आणि ते स्वतःच यकृतातल्या गाठींना चालना देते. म्हणून एकच जनुक मोजून भागणार नाही. व्हिटेलोजेनिन इस्ट्रोजेनबद्दल सांगेल, सायप-१ए नावाचे जनुक तेल-काजळीबद्दल सांगेल, आणि पी५३, सी-मिक व दुरुस्तीची जनुके या सगळ्याचा पेशीवर एकत्र काय भार पडतो ते सांगतील. सोबत यकृताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागेल, कारण गाठ आहे की नाही हे शेवटी तिथेच कळते.

आणि मासे नदी सुधारल्याची साक्षही देतात. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ब्लॅक नदीत कोळशाचा कोक करणाऱ्या कारखान्याच्या खाली राहणाऱ्या मांगूरवर्गी माशांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. १९८३ साली कोकचे काम बंद झाले आणि काही वर्षांत गाठी कमी झाल्या. १९९०च्या सुमारास तळचा गाळ उपसला, तेव्हा तो ढवळला जाऊन गाठी पुन्हा वाढल्या आणि नंतर आणखी खाली आल्या. उजनीतला गाळ काढण्याची चर्चा अधूनमधून होते. त्या वेळी हे उदाहरण कुणीतरी टेबलावर ठेवावे.

वर्षातून बारा वेळा बाटली भरून पाणी तपासणे म्हणजे महिन्यातून एकदा वर्गात डोकावून मुलांची वर्षभराची हजेरी लिहिणे. मासा त्या वर्गात रोज बसलेला असतो. रात्री सोडलेले पाणी, सुट्टीच्या दिवशी सोडलेले पाणी, पहिल्या पावसात वाहून आलेला गाळ, सगळे त्याच्या कल्ल्यांतून जाते. व्हिटेलोजेनिनच्या जनुकाचा निरोप (आरएनए) यकृतात काही दिवस टिकतो, यकृताच्या छेदातले बदल कितीतरी जास्त.

हे सोलापुरात जमेल का, असे कुणी विचारेल. महोदय, या जिल्ह्याने असे एक काम देशात सर्वांत आधी केलेले आहे. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. बी. एम. नेने यांच्यासारख्यांनी टाटा मेमोरियलच्या मदतीने ती उभी केली. तोवर कर्करोगाची नोंद म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांचे रजिस्टर. खेड्यातली माणसे रुग्णालयापर्यंत पोचतच नसत, मग नोंदीत कुठून येणार? बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत ते स्वतः जाऊ लागले, लोकांना भेटू लागले, लक्षणे समजावू लागले. त्यातून खेड्यातल्या बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे ओझे किती आहे, हे आकड्यांनी पुढे आले. आणि नोंद घ्यायला गेलेल्या माणसांच्या बोलण्यानेच बायका आधीच्या टप्प्यात तपासणीला येऊ लागल्या. नोंदणीने उपचाराचे काम केले. बार्शीच्या आकड्यांचा मी उजनीच्या पाण्याशी संबंध जोडत नाही. तसा काही पुरावा नाही आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण विषाणू आहे हे सिद्ध झालेले आहे. मी बार्शीकडून एवढेच घेतो की जिथे कुणी मोजत नव्हते तिथे जाऊन मोजायला या मातीतल्या माणसांनी सुरुवात केली, आणि त्यासाठी त्यांनी मोठ्या इमारतीची वाट पाहिली नाही.

साधनांचेही तसेच. जनुक किती काम करते हे ज्या पद्धतीने मोजतात, ती आरटी-पीसीआर. २०२०पासून हा शब्द गावागावात पोचला आहे. नाकातल्या स्रावात विषाणूचा आरएनए शोधायला वापरली तीच पद्धत माशाच्या यकृतातला आरएनए मोजायला चालते. प्रायमर वेगळे लागतात, नमुना बर्फात आणि योग्य द्रावणात टाकून झटपट आणावा लागतो, तुलनेसाठी स्थिर जनुके नीट निवडावी लागतात. पण यंत्रे आणि ती चालवणारे हात कोरोनाच्या काळात राज्यभर तयार झाले आहेत. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुले दर वर्षी नोकरीच्या शोधात पुण्याला जात आहेत. हे काम त्यांना इथे द्या.

नमुने कुठे घ्यावेत, याचाही विचार मी केला आहे. भिगवणच्या अंगाला फुगवट्याच्या वरच्या टोकाशी, भीमानगरला धरणाच्या भिंतीजवळ, पंढरपुरात, टाकळीला, आणि सीनेवर शहराच्या खाली. तुलनेसाठी पानशेतसारखा, महानगराच्या वरचा जलाशय घ्यावा. रोहूची बोटुकली पिंजऱ्यात तीन आठवडे ठेवावीत. लहान माशात स्वतःचे इस्ट्रोजेन फार कमी असते, म्हणून नर-मादी वेगळे न करताही परिणाम दिसतो. जोडीला जाळ्यात आलेले मोठे नर चिलापी तपासावेत. मात्र चिलापीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी : मत्स्यबीज केंद्रांत सगळी पिल्ले नर व्हावीत म्हणून त्यांना खाद्यातून मिथाइल टेस्टोस्टेरॉन दिले जाते. असे सोडलेले बीज नमुन्यात मिसळले तर निष्कर्ष चुकतील. वर्षातून दोनदा मोजावे, एकदा पावसाळा सरल्यावर आणि एकदा धरण तळाला असताना.

भोई आणि कोळी बांधवांशी आधी बोलावे. ही माझी विनंती नव्हे, आग्रह आहे. उजनीच्या माशात काही सापडले अशी एक अर्धवट बातमी भिगवण-इंदापूरच्या बाजारात आली की दुसऱ्या दिवशी कटला आणि चिलापी पडून राहील, आणि ज्यांनी पाणी बिघडवले नाही त्यांचीच चूल आधी विझेल. जाळे टाकणाऱ्याला नदीतला बदल सर्वांत आधी दिसतो. नमुने गोळा करायला त्यालाच मजुरी देऊन सोबत घ्यावे. यकृतातली जनुके आणि ताटातले मांस या वेगवेगळ्या तपासण्या आहेत. मांसात रसायन किती, हे स्वतंत्रपणे मोजून दोन्ही आकडे एकाच कागदावर, साध्या मराठीत द्यावेत. मी स्वतः उजनीचा मासा खातो आणि आज कुणाला तो खाऊ नका असे सांगायला माझ्याजवळ काही आधार नाही.

पिण्याच्या पाण्याबद्दलही लोक विचारतील. पाकणी आणि सोरेगावची शुद्धीकरण केंद्रे तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन यांवर चालतात. गढूळपणा आणि रोगजंतू यांच्यासाठी ती व्यवस्था आहे. क्लोरीन काही संप्रेरकांचे रूप थोडेफार बदलते, पण त्यांच्यासाठी ही व्यवस्था रचलेली नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा लागू करून शंभराच्या आसपास सांडपाणी प्रकल्पांना ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा टप्पा जोडायला घेतला आहे आणि त्यासाठी २०४० पर्यंतची मुदत ठेवली आहे. तो देश श्रीमंत आहे. आपल्याला सगळीकडे तसे परवडणार नाही. कुठे परवडवावेच लागेल, आणि कुठे नुसते धुण्याचे द्रव्य बदलून भागेल, हे ठरवायला आधी आकडे लागतात. तमिळनाडूत कावेरी, वेल्लार आणि तामिरपर्णी या नद्यांत नोनिलफिनॉल व बिस्फेनॉल मोजून झाले आहे. भीमेचे का नको?

जलप्रदूषण प्रतिबंधाच्या १९७४च्या कायद्यातले कलम १७ मंडळाला माहिती गोळा करून प्रसृत करायला आणि संशोधनाला उत्तेजन द्यायला, ते स्वतः करायलाही सांगते. नव्या परवानगीची गरज नाही. एका हंगामाचा प्रायोगिक अभ्यास मंडळाच्या अखत्यारीत बसतो. त्यात पुण्याच्या दोन जागांचे नमुनेही घ्यावेत, म्हणजे वरच्या आणि खालच्या शहरांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याऐवजी एकाच तक्त्याकडे पाहावे लागेल.

पावसाळा संपून पाणी निवळते तो ऑक्टोबर-नोव्हेंबर पहिल्या पिंजऱ्यांसाठी योग्य. प्रायमर मागवायला, प्रयोगशाळेशी करार करायला आणि माणसांना नमुना कसा घ्यायचा ते शिकवायला तीन-चार महिने लागतात, त्यामुळे निर्णय उन्हाळ्यातच व्हायला हवा. या कामात नमुने कापण्यापासून तक्ते भरण्यापर्यंत जे पडेल ते करायला मी आणि माझे काही जुने विद्यार्थी विनामोबदला तयार आहोत. आपल्या सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयाने निरोप द्यावा, आम्ही येऊ.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
सोलापूर